चिऱ्याचं घनफळ आणि बहुपदीचे अवयव

रत्नागिरीत घर बांधायला काढलं की पहिली चौकशी चिऱ्याची होते. जांभ्याच्या खाणीतून कापून काढलेला हा तांबडा ठोकळा म्हणजे नववीच्या पुस्तकातली इष्टिकाचितीच. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार केला की घनफळ मिळतं. बीजगणितात हाच प्रश्न उलटा येतो: घनफळ बहुपदीत दिलेलं असतं, तिचे अवयव पाडायचे आणि मापं सांगायची. उत्तर जुळतं, गुणही मिळतात, पण त्या ओघात काही चुकीच्या समजुती पक्क्या होऊन बसतात.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की अवयव पाडले म्हणजे मापं निघालीच. मापं खाणीगणिक वेगळी असतात. आपण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असा चिरा धरू. उंचीला क्ष म्हटलं तर रुंदी क्ष + २ आणि लांबी २क्ष. घनफळ झालं २क्ष³ + ४क्ष². क्ष = ७ घातलं की ८८२ घन इंच.

आता चिरा बाजूला ठेवा आणि नुसती बहुपदी हातात घ्या. तिचे अवयव २, क्ष, क्ष आणि (क्ष + २). हा २ कुणाच्या पदरात टाकायचा? क्ष ला दिला तर ७, ९, १४ हा आपला चिरा परत मिळतो. (क्ष + २) ला दिला तर मापं येतात ७, ७ आणि १८. गुणाकार पुन्हा ८८२च! बीजगणिताच्या दृष्टीनं दोन्ही उत्तरं बरोबर, पण एकाची भिंत ९ इंच जाडीची होईल आणि दुसऱ्याची ७. म्हणून प्रश्नातच 'लांबी उंचीच्या दुप्पट आहे' अशी अट हवी, आणि मापं एकघाती असून त्यांचे सहगुणक पूर्णांक आहेत हेही सांगायला हवं. तेवढं सांगितलं की उत्तर एकच उरतं. अवयवीकरण घनफळाला गुणाकाराच्या रूपात मांडून देतं, बाकीची माहिती आपणच पुरवायची असते. शिक्षकांनी हे फळ्यावर एकदा तरी करून दाखवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) चितिव्यवहाराचं, म्हणजे विटांच्या राशीच्या हिशेबाचं प्रकरण आहे, तिथं घनफळ आणि मापं यांतला फरक स्वच्छ दिसतो. वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ उंच. रास ८ हात लांब, ५ रुंद, ३ उंच. हात २४ अंगुळांचा. विटा किती आणि थर किती? राशीच्या घनफळाला विटेच्या घनफळानं भागलं की २५६० विटा निघतात. थर मात्र घनफळाला विचारून कळत नाहीत. त्यासाठी राशीच्या उंचीला विटेच्या उंचीनं भागावं लागतं, तेव्हा कुठे २४ हे उत्तर येतं.

दुसरी गल्लत हमखास होते. अवयव (क्ष + २) आला, की मुलं सवयीनं तो शून्याबरोबर मांडतात, क्ष = –२ काढतात आणि रुंदी उणे कशी आली म्हणून गोंधळतात. इथं समीकरण सोडवायला कुणी सांगितलेलंच नाही. रुंदी क्ष + २ आहे, –२ नाही. क्ष = –२ ही किंमत एवढंच सांगते, की तिथं ही राशी शून्य होते.

मोठा दिसणारा अवयव म्हणजे लांबी, हेही खरं नाही. आपल्याच चिऱ्यात क्ष = ७ असताना २क्ष मोठा; क्ष = १ घेतला तर २क्ष होतो २ आणि क्ष + २ होतो ३.

घनफळ धन आलं म्हणजे क्ष ची किंमत चालते, ही समजूत त्याहून फसवी. क्ष³ + २क्ष² – ५क्ष – ६ घ्या. अवयव (क्ष + १), (क्ष – २), (क्ष + ३). क्ष = –२ घातलं तर घनफळ येतं ४. दिसायला ठीक, पण मापं –१, –४ आणि १! दोन उण्यांच्या गुणाकारानं चूक झाकली गेली. तिन्ही मापं स्वतंत्रपणे धन असायला हवीत, म्हणून इथं क्ष २ पेक्षा मोठाच हवा.

शेवटचा गैरसमज: प्रत्येक त्रिघाती घनफळाचे तीन एकघाती अवयव पडतातच. पाण्याच्या एका टाकीचं घनफळ क्ष³ + २क्ष² + ३क्ष घनफूट आहे असं समजा. क्ष बाहेर काढला की उरतं क्ष² + २क्ष + ३, म्हणजेच (क्ष + १)² + २. वर्ग कधी उणे नसतो, त्यात २ मिळवले, तेव्हा ही राशी कुठल्याही वास्तव किमतीला शून्य होत नाही आणि तिचे वास्तव सहगुणकांचे एकघाती अवयव पडत नाहीत. पण म्हणून काही टाकी अशक्य ठरत नाही. उंची क्ष धरा, तळाचं क्षेत्रफळ क्ष² + २क्ष + ३. क्ष = १ असेल तर तळ ६ चौरस फूट: ३ फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट उंच अशी टाकी गवंडी सहज बांधून देईल.