स्टिअरिंगमधील आवाज : उगम, निदान आणि दुरुस्ती

गाडीचे स्टिअरिंग आवाज करू लागले की बहुतेक मालक गॅरेजमध्ये तो आवाज कसा आहे हे सांगतात. निदानासाठी मात्र तो नेमका केव्हा येतो ही माहिती अधिक मोलाची असते. गाडी उभी असताना येतो की धावताना, वळवताना येतो की खड्ड्यावरून जाताना, आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो वाढतो की तसाच राहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर एकही भाग न खोलता बिघाडाची जागा बरीचशी निश्चित होते आणि महागडा भाग विनाकारण बदलण्याचा खर्च टळतो.

स्टिअरिंगला दिलेली गती कॉलम नावाच्या दांड्यावाटे पिनियन या लहान दातेरी चक्रापर्यंत उतरते. पिनियन फिरले की त्याच्या दात्यांत गुंतलेली रॅक नावाची आडवी दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात. या कामात चालकाला मदत करणाऱ्या रचनेला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. तेलाच्या दाबावर चालणारी म्हणजे हायड्रॉलिक रचना १९५१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर इम्पीरियल या गाडीत विक्रीसाठी आली, तर विजेच्या मोटरवर चालणारी रचना १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्होमध्ये वापरली गेली. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत दुसरी रचना असते; त्यामुळे आपल्या गाडीत यांपैकी कोणती आहे, हे आधी पाहावे लागते.

हायड्रॉलिक रचनेत तेलाचा पंप इंजिनावरील बेल्टने फिरतो, म्हणून त्याचा आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर तेल कमी झालेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. टाकीचे झाकण उघडल्यावर तेल फेसाळ दिसले की हवेची शंका पक्की होते. अशा वेळी केवळ तेल भरून भागत नाही. आधी गळती शोधून बंद करावी लागते, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे लागते, आणि मग पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकीतील पातळी खाली जाऊ न देता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढावी लागते. वळवताना तीक्ष्ण किंचाळीसारखा आवाज आला, तर तो बहुधा सैल किंवा झिजलेल्या बेल्टचा असतो. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला टेकल्यावर येणारा सूंऽ आवाज दाब सोडणाऱ्या झडपेचा असून तो स्वाभाविक आहे, तरी तेल तापत असल्याने त्या स्थितीत ते काही सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये.

विजेच्या रचनेत तेल नसते. मोटरची मंद गुणगुण तिथे साहजिक मानली जाते. मात्र खडबडीत रस्त्यावर कॉलममधून हलकी खडखड हातात जाणवू लागली, तर मोटर कॉलमवर बसवलेल्या गाड्यांत मोटर आणि तिचे दातेरी चक्र यांना जोडणारा कपलिंग हा लवचिक भाग झिजलेला असू शकतो. स्टिअरिंगच्या आतच घासल्यासारखा आवाज येत असेल आणि सोबत हॉर्न बंद पडला किंवा एअरबॅगचा दिवा लागला, तर हॉर्न व एअरबॅग यांच्या तारांची गुंडाळी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, खराब झालेली असते. एअरबॅग अचानक फुटण्याचा धोका असल्याने हे काम घरी करू नये.

सर्वांत गंभीर समजायची ती खटखट. इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंगचे कुलूप उघडून, एकाने ते थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर बोट ठेवावे; सांधा ढिला असेल तर धक्का बोटाला कळतो. उचललेले चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवे हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर संशय टाय रॉडवर किंवा रॅकवर जातो. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला तर चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर जातो. ही तपासणी करताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवावी. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखा आवाज आला तर शॉकअपच्या वरच्या माउंटचे बेअरिंग पाहावे, आणि पूर्ण वळण घेत गाडी पुढे नेताना येणारी कटकट ॲक्सलच्या सांध्याची असते, स्टिअरिंगची नव्हे.

यांतील अनेक बिघाडांचे मूळ सांधे आणि रॅक झाकणाऱ्या फाटलेल्या रबरी बुटात सापडते. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात खड्ड्यांतले गढूळ पाणी या फटीतून आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, सांधा झिजतो आणि रॅक गंजते. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर बूट तपासून घेतले, तर अल्प किमतीच्या रबराने संपूर्ण रॅकचा खर्च वाचतो. टाय रॉड किंवा त्याचे टोक बदलल्यास व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक ठरते, अन्यथा टायर एका कडेने झिजतात.

तपासणीचा क्रम तेल, बेल्ट आणि बूट यांपासून सुरू होऊन सांध्यांकडे जावा, आणि पंप किंवा रॅक बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी व्हावा. तेल पुरेसे असल्यास घूंऽऽ आवाज घेऊन गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. परंतु खटखटीसोबत ढिलेपणा जाणवत असेल, तर बॉल जॉइंट निखळून चाक कोलमडू शकते, म्हणून सांधे तपासून होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.