२० किलोचा नांगर १० टनांची बोट कसा धरतो?

शिडाच्या बोटीवर संसार थाटून महिनोन्‌महिने फिरणारी माणसं सतत समुद्र कापत असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा वेळ किनाऱ्यापासून थोडं लांब, नांगर टाकून उभं राहण्यात जातो. तिथेच स्वयंपाक, तिथेच धुणं, तिथेच झोप. वाणसामान आणि पिण्याचं पाणी आणायचं तर छोट्या होडक्यातून गावात जायचं. आणि हे सगळं चालतं ते समुद्राच्या तळाशी रुतलेल्या एका लोखंडाच्या भरवशावर.

माझं पीएचडीचं काम तरंगत्या पवनचक्क्यांना जागेवर धरणाऱ्या साखळ्यांवर आहे. बोटीचा नांगर म्हणजे त्याच प्रश्नाचं घरगुती रूप, म्हणून आज त्याच्याबद्दल.

पहिला गैरसमज: नांगर वजनाने बोट धरतो. साधारण १२ मीटर लांबीची बोट सामानासकट १० टनांच्या आसपास भरते आणि तिचा नांगर असतो जेमतेम २० किलोचा. नुसत्या वजनाने तो काय धरणार! तो धरतो कारण तो जमिनीत घुसतो. मराठीत शेतातल्या आणि बोटीवरच्या अवजाराला एकच शब्द आहे, हे इथे अगदी चपखल बसतं. गंमत म्हणजे १९३३ साली केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी खरोखरच शेतातल्या नांगराच्या फाळासारखा बोटीचा नांगर तयार केला. 'सीक्यूआर' नावाने तो जगभर वापरला गेला.

पण फाळ घुसायला ओढ आडवी हवी. वरच्या दिशेने ओढलं की तो उपटून येतो. म्हणून साखळी भरपूर लांब सोडायची. पाणी ३ मीटर खोल असेल तर किती? ७ पट, म्हणजे २१ मीटर? थांबा. भरतीला पाणी आणखी १ मीटर चढणार आहे आणि साखळी बोटीच्या नाकावरून, म्हणजे पाण्याच्या १ मीटर वरून सुटते. म्हणजे खरी उंची ५ मीटर आणि साखळी हवी ३५ मीटर. २१ मीटरवर थांबलात तर प्रमाण भरतं जेमतेम ४ पट. ताणलेली साखळी तळाशी ७ पटीला सुमारे ८ अंशांचा कोन करते, ३ पटीला जवळजवळ २० अंशांचा. फरक इथेच पडतो.

मंद वाऱ्यात साखळी स्वतःच्या वजनाने झोळीसारखी लोंबते आणि नांगराजवळ तळावर आडवी पडून राहते. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. झोळी सरळ होते आणि साखळीचा मऊपणा संपतो. म्हणून साखळीला नायलॉनचा दोर जोडतात. तो ताणला जाऊन हिसके पचवतो.

आता याचा रोजच्या जगण्याशी संबंध बघा. बहामाजमध्ये जॉर्ज टाउनजवळ एलिझाबेथ हार्बर आहे. हिवाळ्यात तिथे शेकडो बोटी नांगरलेल्या असतात. एरवी वारा पूर्वेकडचा, म्हणून बऱ्याच बोटी ईशान्येच्या स्टॉकिंग आयलंडच्या आडोशाला राहतात. पण उत्तर अमेरिकेकडून थंड हवेची आघाडी आली की वारा आग्नेयेकडून दक्षिण, नैऋत्य, पश्चिम आणि शेवटी उत्तरेकडे फिरतो. कालचा आडोसा आज उघडा पडतो आणि मागे खडकाळ किनारा असतो. म्हणून सकाळच्या चहाबरोबर हवामान ऐकायचं आणि 'आज जागा बदलायची का' हे दुपारच्या आत ठरवायचं. अंधारात, जोरदार वाऱ्यात नांगर उचलण्याची वेळ कोणालाच नको असते.

वारा फिरला की बोटही नांगराभोवती फिरते. साखळी आणि बोटीची लांबी मिळून साधारण ४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं. शेजाऱ्याने साखळी कमी सोडली असेल तर त्याचं वर्तुळ लहान, आणि मग टक्कर. जीपीएसचा गजर लावतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं: वर्तुळाचा मध्य नांगरावर हवा, बोटीवर नाही. नाहीतर वारा उलटा फिरल्यावर नांगर जागचा हललेला नसतानाही रात्री २ वाजता गजर वाजणार.

नांगर टाकल्यावर इंजिन हळूहळू मागे चालवून तो रुतवतात. मग किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी, समजा एक माड आणि त्यामागचं घर, एका रेषेत धरून बघायच्या. बोट मागे ओढत असताना दोन्ही एकाच रेषेत राहिल्या तर नांगर धरलाय. एकमेकींपासून सरकायला लागल्या तर तो घसरतोय. मग उचला, पुन्हा टाका.

पवनचक्कीचा आकार कितीतरी मोठा, पण प्रश्न तेच: ओढ किती, कोणत्या दिशेने आणि हिसका कोण पचवणार? फरक इतकाच, की आम्ही गणित चुकलं तर कागदावर दुरुस्त करतो. बोटीवरच्या माणसाला त्याच गणितावर झोपायचं असतं.