कॅरम : सोंगटी घेण्याचा नियम

कॅरम या बैठ्या खेळात फळीच्या कोपऱ्यातील छिद्रात सोंगटी पाडणे व त्या पडण्यास नियमानुसार मान्यता मिळणे. सोंगटी छिद्रात पडली म्हणजे ती घेतली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि या खेळात पडणे आणि घेतली जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. स्ट्रायकरचे काय झाले, सोंगटी कोणाची होती आणि राणी असल्यास पुढील फटक्यात काय घडले, हे ठरल्यावाचून निर्णय पूर्ण होत नाही.

कॅरमची फळी चौरस असून खेळावयाच्या पृष्ठभागाची प्रत्येक बाजू ७३.५ ते ७४ सेंमी. असते. चारही कोपऱ्यांत ४.४५ सेंमी. व्यासाची गोल छिद्रे असून त्यांखाली जाळी लावलेली असते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या व एक लाल अशा एकूण १९ सोंगट्या असतात. लाल सोंगटीस राणी म्हणतात. सोंगटीचा व्यास जास्तीत जास्त ३.१८ सेंमी., तर स्ट्रायकरचा ४.१३ सेंमी. असतो. स्ट्रायकर छिद्रापेक्षा किंचितच लहान असल्याने तो सोंगटीपाठोपाठ सहज आत जाऊ शकतो आणि खेळातील बहुतेक कठीण प्रसंग त्यातूनच उद्भवतात.

खेळाडूने स्ट्रायकर आपल्या बाजूच्या दोन्ही समांतर रेषांना स्पर्श करील असा ठेवून बोटाने टिचकी मारावयाची असते. अशा योग्य फटक्याने स्वतःच्या रंगाची सोंगटी छिद्रात पडली, की ती घेतली जाते व खेळाडूची पाळी चालू राहते. छिद्राच्या काठावर झुकलेली, परंतु आत न पडलेली सोंगटी फळीवरच आहे असे मानतात. फळीबाहेर उडालेली सोंगटी घेतली गेली असे होत नाही. ती मध्यवर्तुळात परत ठेवली जाते. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी पडल्यास ती त्याच्या खाती जमा होते आणि फटका मारणाऱ्याची पाळी संपते.

स्ट्रायकर छिद्रात गेल्यास दंड म्हणून, पूर्वी घेतलेली एक सोंगटी बाहेर काढावी लागते. तिला खेळाडू ‘ड्यू’ म्हणतात. एकटा स्ट्रायकरच आत गेल्यास पाळीही जाते. स्ट्रायकरबरोबर स्वतःची सोंगटी पडली असेल, तर ती सोंगटी व दंडाची सोंगटी अशा दोन्ही बाहेर येतात. मात्र पाळी कायम राहते. म्हणजे सोंगटी प्रत्यक्ष जाळीत असूनही ती घेतली गेली नाही, असा निर्णय होतो.

राणीच्या बाबतीत हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. स्वतःची निदान एक सोंगटी घेतल्यानंतरच खेळाडूस राणी घेण्याचा अधिकार मिळतो. राणी पडली, तरी लगेचच्या फटक्यात स्वतःची एक सोंगटी घेऊन तिला ‘कव्हर’ द्यावे लागते. ते न साधल्यास राणी बाहेर काढून प्रतिस्पर्ध्याकडून मध्यवर्तुळात ठेवली जाते. दोन फटक्यांमधल्या काळात राणी जाळीत असते, पण कोणाचीच नसते. साहजिकच कुशल खेळाडू राणीवर नेम धरण्यापूर्वी कव्हरची सोंगटी कोठे आहे, हे पाहतो. राणी फळीवर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घेणारा खेळाडू तो बोर्ड, म्हणजे ती फेरी, गमावतो.

आपल्या सर्व सोंगट्या आधी घेणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण मिळतो. विजेत्याने राणी घेतली असल्यास तिचे तीन गुण अधिक मिळतात. मात्र त्याचे गुण २१ पर्यंत असतील तरच. डाव २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या दोन सोंगट्या उरल्या आहेत व विजेत्याने राणी घेतली आहे. त्याचे पूर्वीचे गुण २१ असल्यास ते २६ होऊन तो डाव जिंकतो; पूर्वीचे गुण २२ असल्यास मात्र राणीचे गुण न मिळाल्याने तो २४ वरच थांबतो.

अन्य खेळांशी तुलना केल्यास या नियमाचे वेगळेपण ध्यानात येते. गोल्फमध्ये १०.८ सेंमी. व्यासाच्या खळग्यात चेंडू स्थिरावला, की काम पुरे होते. मार्ग विचारला जात नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात रुजलेल्या चकती-गोल्फमध्ये साखळ्या लावलेली टोपली हे लक्ष्य असते. तेथे चकतीने टोपलीच्या काठावरून व साखळ्यांच्या वरच्या आधाराखालून शिरून स्थिरावणे आवश्यक असते; टोपलीच्या माथ्यावर विसावलेली वा बाहेरून जाळीत रुतलेली चकती ग्राह्य धरत नाहीत. गोल्फ शेवटचे स्थान पाहतो, चकती-गोल्फ स्थानाबरोबर प्रवेशाचा मार्ग पाहतो, तर कॅरम त्यापुढे जाऊन फटक्याचा संपूर्ण परिणाम व राणीपुरता पुढचा फटकाही पाहतो.

कॅरमचा उगम भारतीय उपखंडात झाला असावा. अखिल भारतीय कॅरम महासंघाची स्थापना १९५६ मध्ये, तर आंतरराष्ट्रीय महासंघाची १९८८ मध्ये झाली. तमिळनाडूचे मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव-चिखलीसारख्या गावांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत हा खेळ घरोघरी परिचित आहे. घरगुती खेळात पांढऱ्या सोंगटीस काळीच्या दुप्पट गुण देण्यासारखे स्थानिक संकेत आढळतात. अशा खेळात पंच नसतो आणि वाद बहुधा राणीवरूनच होतात. म्हणून सोंगटी केव्हा घेतली गेली असे मानावयाचे, हे पहिल्या फटक्यापूर्वीच ठरविणे इष्ट असते.