गुबगुबीत अक्षरांचा मोह

गेल्या दिवाळीत आमच्या दिघीतल्या सोसायटीतल्या एका वहिनींनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. पाकिटांवरच्या लेबलांचं काम आलं माझ्याकडे. "शाळेत तक्ते करता ना, मग एवढं तुम्हीच करा!" म्हणाल्या. मीही हुरळले.

कॉम्प्युटरवर शोधता शोधता 'मोदक' नावाचा फॉन्ट सापडला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला. नावासारखाच हो! सगळं गोल, गुबगुबीत. अक्षरांची पोटं इतकी फुगलेली, की आतल्या मोकळ्या जागेची जेमतेम रेघ उरते. 'खजूर लाडू' त्यात उमटलं आणि अक्षरंच खावीशी वाटली. मग काय, नाव, वजन, किंमत, घटक, सगळं मी त्याच अक्षरांत बसवलं.

घटकांत दाण्याचं कूट होतं.

भाऊबीजेला शेजारच्या इमारतीतल्या आजींच्या नातवाच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले. त्याला दाणे चालत नाहीत. आजींनी चष्मा लावून लेबल पाहिलं होतं बरं का! पण बारीक केल्यावर त्या लठ्ठ अक्षरांचे नुसते काळे ठिपके झाले होते. डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं, मूल सावरलं. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग नीट बघत बसले. ब आणि व यांत फरक पोटातल्या एका रेघेचा. घ आणि ध, भ आणि म यांत डोक्यावरची रेघ कुठे तुटते त्याचा. अक्षर जाड झालं, की आधी हीच जागा बुजते. दुकानाच्या पाटीवर वीतभर अक्षरात ती दिसते, लेबलाच्या कोपऱ्यात कुठली दिसायला?

आता पदार्थाचं नाव तेवढं 'मोदक'मध्ये ठेवते. किमतीला त्याच संस्थेचा 'बालू २' घेते. तोही गोलमटोल, पण पाच जाडींत मिळतो, त्यामुळे बेतानं घेता येतो. बालू म्हणजे जंगल बुकातलं अस्वल. याची गंमत अशी, की गुजराती अक्षरांत तो 'बालू भाई' होतो, गुरुमुखीत 'पाजी', बंगालीत 'दा', तमिळमध्ये 'तंबी'! आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात प्रत्येक जिन्यात एखादा पाजी नाहीतर दादा भेटतोच.

घटकांसाठी मात्र 'मुक्ता', साधा, सडपातळ. तोही 'एक टाइप'चाच. तिन्ही फॉन्ट फुकट मिळतात आणि विकायच्या पाकिटांवरही चालतात.

'यात शेंगदाणे आहेत' ही ओळ वेगळ्या चौकटीत टाकते. २०२० च्या खाद्यपदार्थ लेबलांच्या नियमांतही शेंगदाण्याची सूचना द्यायला सांगितलीच आहे. मला ते उशिरा कळलं.

हल्ली छापण्याआधी नमुना आजींकडे नेते, तोही संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली. परवा त्यांनी घडाघडा वाचलं, "यात शेंगदाणे आहेत." मग पाकीट उलटंपालटं करून म्हणाल्या, "आणि वजन गं कुठाय?"