तोडीला जाण्याआधीची तपासणी

सकाळी सहाला पहिला फोन येतो, तो बहुतेक कुणाच्या तरी आईचाच असतो. "मॅडम, आमची गाडी परवा निघतीय. तुम्ही म्हणला होता ना, जायच्या आधी मशीन दावा म्हणून." दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या विशेष शिक्षकाचा दिवस असाच उजाडतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या की माझ्या यादीतली मुलंही आईबापांबरोबर सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक अशी पांगतात. ती पुन्हा गावात दिसतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. माझ्याकडे समावेशित शिक्षणाचं काम आहे. धारूर तालुक्यातल्या शाळांमध्ये शिकणारी दिव्यांग मुलं मी पाहते, आणि ज्यांना शाळेपर्यंत येणंच जमत नाही त्यांच्या घरी जाते.

सातला पिशवी भरते. श्रवणयंत्राचे सेल, मऊ ब्रश, सिलिका जेलच्या पुड्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, वेल्क्रोची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, फोमचे तुकडे, ब्रेल पाटी, जाड कागद. सहायक तंत्रज्ञान म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे महागडी यंत्रं येत असतील. ती असतातही, आणि हवीतच. पण यंत्र मुलाच्या अंगावर टिकतं ते या पिशवीतल्या सामानाने.

साडेआठ. घाटाखालच्या गावात पोचते. सात वर्षांची मुलगी, दोन्ही कानांनी फार कमी ऐकते. दोन वर्षांपूर्वी तिला यंत्रं मिळाली, पण गेल्या उन्हाळ्यापासून ती पत्र्याच्या पेटीत पडून होती. आई म्हणाली होती, "लय शिट्टी मारतंय, मॅडम. पोरगीच काढून फेकती." यंत्र बिघडलेलं नव्हतं. मुलगी वाढली तसा कान वाढला आणि कानातला साचा सैल झाला. सैल साच्याच्या फटीतून बाहेर आलेला आवाज पुन्हा यंत्राच्या माईकमध्ये शिरतो, म्हणून शिट्टी वाजते. वाढत्या मुलाचा साचा बदलत राहावा लागतो, या वयात साधारण वर्षाला एकदा. गेल्या महिन्यात तिच्या कानाचं माप देऊन आलो होतो, नवा साचा काल हातात पडला.

तो बसवला आणि चाचणी सुरू केली. तोंडापुढे वही धरायची, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि एकेक आवाज काढायचा: आ, ऊ, ई, म, श, स. ऐकू आला की मुलीने वाटीत चिंचोका टाकायचा. डॅनिअल लिंग या तज्ज्ञाने बसवलेली ही सहा आवाजांची चाचणी जगभर वापरतात. बोलण्यातले जाड-बारीक सगळे सूर त्यात येतात आणि तिला खर्च शून्य. पाच आवाजांना चिंचोके पडले. 'स'ला ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. अर्धा हात पुढे सरकून पुन्हा म्हटलं, तेव्हा पडला. म्हणजे हिच्याशी जवळून बोलायला हवं, आणि वर्गात हिला पुढच्या बाकावर बसवायला हवं.

ही चाचणी रोज सकाळी कोण घेणार? आई पहाटे चारला फडात असणार. ते काम अकरा वर्षांच्या थोरल्या बहिणीवर येतं, म्हणून मी तिलाच शिकवते. सेलचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग तो यंत्रात घालायचा, कारण हा सेल हवेवर चालतो. झोपताना सेलचं दार उघडं ठेवायचं. यंत्र डबीत ठेवायचं आणि डबीत जेलची पुडी टाकायची, कोपीतली, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली, ओल यंत्राला मारते. सेल धाकट्या भावाच्या हाताला लागू द्यायचा नाही, गिळला तर जीवावर बेतेल. एक सेल दहा-बारा दिवस जातो, सहा महिन्यांना एका कानाचे पंधरा ते अठरा लागतात. ते मोजून दिले. थोरलीने सगळं एकदा करून दाखवलं, बिनचूक. तिचीही शाळा सुटणार आहे, आणि ते माझ्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

साडेदहा. रस्त्यावरच्या एका मोठ्या गावची शाळा. आठवीतली मुलगी, जन्मापासून दिसत नाही. हिच्या आजीने हिला गावातच ठेवून घेतलंय. मोबाईलवरचा पडदावाचक ती माझ्यापेक्षा वेगाने चालवते. मराठी आवाज तिला इतक्या भरभर वाचून दाखवतो की शेजारच्या मुलींना शब्दही कळत नाही. त्यामुळे शाळेत मला हमखास विचारतात, आता ब्रेलचा आग्रह कशाला? मी तो सोडणार नाही. कानाने धडा कळतो, शुद्धलेखन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, गणिताची मांडणी बोटाखाली यावी लागते. डोळस मुलाला कुणी म्हणत नाही की गोष्ट ऐकलीस ना, मग अक्षरं कशाला शिकतोस. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरलं. सहा टिंबांत अख्खी मराठी बसते, आणि पाटी-टोचाला ना चार्जर लागतो ना रेंज. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं. आज तिने स्वतः निबंध टोचून आणला होता. दोन ठिकाणी वेलांटी चुकली, ती तिनेच बोटाने शोधली.

साडेबारा, गट साधन केंद्र. कागदपत्रं. दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्राचे अर्ज, मुलींचा महिना दोनशे रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, पुढच्या मोजमाप शिबिराची यादी. १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आहे, साधनं बनवणारी कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी १९७२ ची. शाळकरी मुलांच्या साधनांचा ६० टक्के खर्च एडिपमधून आणि ४० टक्के समग्र शिक्षातून होतो. इतकी वर्षं टिकलेली ही व्यवस्था लहान नाही, तिच्यामुळे हजारो घरांत पहिलं यंत्र पोचलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना अशा एखाद्या तरी साधनाची गरज आहे, आणि काही गरीब देशांत ते गरजूंपैकी जेमतेम तीन टक्क्यांनाच मिळतं. त्या मानाने आपण बरंच केलं. पण आपल्या सगळ्या तक्त्यांत वाटप मोजलं जातं. सहा महिन्यांनी ते साधन अंगावर आहे की पेटीत, याचा रकाना नाही.

दोन वाजता वस्तीवर. सहा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी. समज उत्तम, पण मान आणि पाठ सावरत नाही. घरापुढे कुणी हौसेने दिलेली चाकांची खुर्ची उभी आहे, मोठ्या माणसाच्या मापाची. बसवलं की लेकरू घसरून एका बाजूला कलतं. पावसाळ्यात काळी माती चाकांत बसली की ती जागची हलत नाही. आणि हलली तरी न्यायची कुठे? या घरात जेवण, झोपणं, गप्पा सगळं जमिनीवर होतं.

म्हणून गावच्या सुतारमामांकडून जमिनीलगतची बैठक करून घेतली, जुन्या पलंगाच्या फळ्यांची. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठीला कोपरा केला, त्यामुळे खांदे आपोआप पुढे येतात आणि मान सावरते. दोन मांड्यांच्या मध्ये फोम गुंडाळलेली खुंटी, म्हणजे घसरणं बंद आणि पायांची कात्रीही होत नाही. पुढे एक फळी, ताटलीसाठी. मामांनी मला न विचारता फळ्यांना बिजागऱ्या लावल्या होत्या. "ट्रकात भांडीकुंडी, सरपण, शेळी जाती, मॅडम. घडी होणार नसंल तर मुकादम खालीच टाकून दील." अभियांत्रिकीच्या पुस्तकात मला कुणी ही अट सांगितली नसती. मुलाला बसवलं. चमच्याच्या दांड्याला ट्यूब गुंडाळून तो जाड केला आणि त्याच्या मुठीत दिला. निम्मा भात सांडला, निम्मा तोंडात गेला, स्वतःच्या हाताने.

तो गावात राहिला असता तर बरं झालं असतं. पण ज्याला शौचाला उचलून न्यावं लागतं, त्याला हंगामी वसतिगृहात कोण सांभाळणार? आजी थकलेली. त्यामुळे तो चाललाय.

त्याला बोलताही येत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत ॲप त्याच्या वडिलांच्या फोनवर आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन मराठीत बोलतो. पण फोन दिवसभर वडिलांच्या खिशात, फडात. तेव्हा पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून वर प्लास्टिक लावून दिलं: पाणी, भूक, शी, दुखतंय, आई, शेळी. शेळी त्याने मागून घेतली, डोळ्यांनी दाखवून. आईला एवढंच सांगितलं की त्याने बोट ठेवेपर्यंत थांबा, घाईने तुम्हीच ओळखू नका.

साडेपाच. शिक्षण हमी कार्डं भरते, मुलांनी नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवायची. प्रत्येक कार्डाच्या मागे माझा फोन नंबर आणि दोन ओळी: साचा कधी बदलला, कोणत्या नंबरचा सेल, बसवायचं कसं. मग मुकादमांना फोन, टोळी कोणत्या कारखान्याला, कोणत्या गावच्या शिवारात उतरणार ते विचारायला. काही सांगतात, काहींना स्वतःलाच माहीत नसतं.

साखरपट्ट्यातल्या वाचकांकडे माझं मागणं आहे. येत्या हंगामात तुमच्या शिवारात कोप्या पडतील. त्यांत कानात यंत्र घातलेली एखादी मुलगी किंवा फळ्यांच्या बैठकीत बसलेलं लेकरू दिसलं, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन सांगा. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. तिथल्या शिक्षकांना कार्डाची मागची बाजू वाचायला सांगा, आणि सेल संपत आले असतील तर मला फोन करायला सांगा.