भाडे थकल्यास घरमालकाने काय करावे?

एका खोलीच्या भाड्यावर उतारवयातील खर्च भागविणारा घरमालक आणि त्याच खोलीत संसार थाटलेला भाडेकरू, या दोघांचाही प्रश्न निकडीचा असतो. त्यामुळेच ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ मध्ये दोघांच्याही हिताचा विचार करण्यात आला आहे.

भाडे थकल्यास घरमालकाने प्रथम थकबाकीची मागणी करणारी लेखी नोटीस बजावावयाची असते. ती बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज कब्ज्यासाठी दावा दाखल करता येत नाही. दाव्याचे समन्स बजावल्यानंतरही भाडेकरूला ९० दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत त्याने थकबाकी द.सा.द.शे. १५ दराच्या सरळ व्याजासह न्यायालयात भरली, निकाल लागेपर्यंत भाडे नियमित दिले आणि न्यायालय ठरवील तो दावाखर्च चुकता केला, तर थकबाकीच्या कारणावरून कब्ज्याचा हुकूमनामा होत नाही.

हा काळ घरमालकाची कसोटी पाहणारा असतो. तथापि, पुरेशा कारणावाचून पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ अन्वये मनाई आहे. भाड्याची लेखी पावती देणेही घरमालकावर बंधनकारक आहे. हिशेब चोख असल्यास न्यायालयात थकबाकी सिद्ध करणे सुकर होते.