खाडीचा जिताडा व डोहाची मरळ

वर्धा जिल्ह्यात कोकणातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आता अगदीच थोडी राहिलेली नाहीत. कोणी पुलगावच्या दारुगोळा भांडारात नोकरीस आले, कोणी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तर कोणी लग्नसंबंधाने येथील जमिनीशी जोडले गेले. ह्या मंडळींपैकी ज्यांस गळ टाकण्याचा नाद आहे, ते पहिल्या वर्षातच निराश होऊन म्हणू लागतात की, वर्धेकडच्या नद्यांत मासाच नाही. आमच्या सभासदांच्या बांधावर, नाल्यावर व शेततळ्यावर अशा पाहुण्यांची ये-जा असते. आम्ही स्वतः अलिबागकडील खारेपाटात वाढलो व पुढे ह्या काळ्या मातीत शेती करू लागलो. त्यामुळे दोन्हीकडचे पाणी आम्हांस परिचित आहे. सबब ह्या विषयावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते. आमच्या वाचकांत माळकरी पुष्कळ आहेत. त्यांनी हा लेख मासळीविषयी न समजता पाण्याविषयी समजून वाचावा. त्यांच्याही कामाचे त्यात काही आहे.

प्रथम जिताड्याविषयी. पेण व अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात जिताड्यास जो मान आहे, तो दुसऱ्या कोणत्याही माशास नाही. हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाडीतून गोड्या पाण्याकडे चढतो, तेथे वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा खाऱ्या पाण्याकडे उतरतो. आरंभीची काही वर्षे तो नर असतो व मोठा झाल्यावर त्याची मादी होते, ही गोष्ट ऐकणारास खोटी वाटते, परंतु ती शास्त्राने सिद्ध झालेली आहे. भरतीबरोबर उघाडीवाटे त्याची पिले खाचरांत शिरत आणि शेतकरी ती धरून घराशेजारच्या तळ्यात वाढवीत. सोयऱ्याधायऱ्यांस तळ्यातला जिताडा पाठविणे हा तिकडचा जुना शिष्टाचार होय.

अशा मुलुखात वाढलेला मनुष्य पाण्यावर जाण्यापूर्वी पंचांग पाहतो. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते, हा हिशेब तेथील पोराटोरांसही ठाऊक असतो. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, एकादशीस सव्वाआठच्या सुमारास. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी सर्वांत अधिक चढावयाचे. मासा भरतीबरोबर येतो व ओहोटीबरोबर जातो. गळ टाकणाराने फक्त वाटेत उभे राहावयाचे, पाणीच मासा आणून देते. वर्धेस आल्यावर हे सारे गणित कुचकामाचे ठरते. येथील पाणी दिवसातून दोनदा हलत नाही. ते वर्षातून एकदा हलते.

जिल्ह्याची मुख्य नदी वर्धा ही मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूस उगम पावून आपल्या पश्चिम व दक्षिण सीमेवरून वाहते. पवनारखालून जाणारी धाम, हिंगणघाटची वणा, सेलूकडील बोर ह्या नद्या पावसाळ्यात काठ सोडून धावतात आणि काळी माती इतकी वाहून आणतात की पाण्यात बुडविलेला हात दिसू नये. दसरा-दिवाळीपर्यंत पाणी निवळते. माघ-फाल्गुनात धार बारीक होते. चैत्र लागला म्हणजे खडकाळ पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. ज्या प्रवाहाचा मासा मैलोगणती पसरलेला होता, तो ह्या डोहांत गोळा झालेला असतो. म्हणून येथे नवख्याने वेळ शोधण्यापूर्वी जागा शोधावी. भर उन्हाळ्यात, गळ घरी ठेवून, नदीच्या पात्रातून एक-दोन कोस पायी चालावे व कोणता डोह वैशाखातही आटत नाही हे पाहून ठेवावे. पुढे बारा महिने तेच ज्ञान उपयोगी पडते, कारण पूर ओसरल्यावरही मासा त्याच खोलगट जागांच्या आसऱ्यास येतो. कोल्हापुरी बंधाऱ्यांमुळे ह्या क्रमात थोडा फरक पडला आहे. पावसाळा सरताना फळ्या घातल्या म्हणजे त्यामागे काही महिने तळ्यासारखे पाणी राहते आणि काठच्या गवतात व बेशरमीच्या झुडपांत मासळी आसरा धरते.

ह्या पाण्यात जिताड्याची जागा जर कोणी घेतली असेल तर ती मरळीने. दोघेही शिकारी, दोघेही आडोशास दबा धरून बसणारे व एका झेपेत भक्ष्य गिळणारे. परंतु साम्य येथेच संपते. जिताडा सर्व माशांप्रमाणे कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो. मरळीस कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा साठविण्याची एक निराळी पोकळी असून, ती दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. पाणी जितके तापते तितका त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा तर ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उथळ, कढत पाण्यात इतर मासे उलटे होऊन तरंगू लागतात, तेव्हाही मरळ जिवंत असते. डबके आटले तर ओल्या चिखलात शिरून ती काही काळ तग धरते. पावसाच्या सरीत ओल्या गवतावरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना तिला पुष्कळ शेतकऱ्यांनी पाहिले असेल. ज्या मुलुखात पाणी चार महिने धावते व आठ महिने आटत जाते, त्या मुलुखासाठीच हा मासा घडलेला आहे.

जाती दोन ओळखाव्या. तळ्याबोड्यांत व नाल्यांत सामान्यतः सापडते ती साधी मरळ. नदीच्या खोल डोहात राहणारी व हातभराहून कितीतरी मोठी होणारी ती फूल मरळ. लहानपणी तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. डोक म्हणून जो लहान मासा मिळतो, तोही ह्याच कुळातला.

मरळ हवेसाठी वर येते, ह्या एका गोष्टीत तिला शोधण्याची सारी युक्ती आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा दिवस कलल्यावर डोहाच्या काठी, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसावे आणि अर्धा तास काहीही करू नये. कमळाच्या पानांच्या कडेस, पाणकणसाच्या मुळाशी किंवा पाण्यात वाकलेल्या झुडपाखाली एखादा जाड बुडबुडा व पाठोपाठ हलकेच वलय उमटते. थोड्या वेळाने तेथेच किंवा दोन हातांवर पुन्हा उमटते. आता आमिष त्या जागेच्या थोडे पलीकडे टाकून पृष्ठभागावरून सावकाश ओढीत आणावे. खाडीवर आपण आमिष शिशाने खाली नेतो. येथे शिसे सोडून द्यावे, कारण खाली चिखल व मुळ्या आहेत आणि मरळीचे लक्ष वर असते.

दुसरा फरक हाताचा. जिताडा आमिषावर तुटून पडतो व त्याच क्षणी काठी ओढावी लागते. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असल्याने तंगूस तेथे घासू नये एवढे जपावयाचे. मरळ आमिष पकडते, किंचित खाली जाते व मग गिळते. पाणी फुटल्याबरोबर ओढणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो. दोन-तीन श्वास थांबून मग नेटाने ओढावे, आणि एकदा लागली की तिला गवताकडे तोंड करू देऊ नये. म्हणून कोकणातील लांब, लवचीक काठीपेक्षा आखूड व ताठ काठी आणि जाड तंगूस येथे बरी. जिवंत बेडूक गळास लावण्याची जुनी रीत आम्हांस पसंत नाही. एक तर ती क्रूर आहे; शिवाय बेडूक पिकावरचे किडे खातो हे आपण जाणतोच, आणि ह्याच कारणाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. रबराचा बेडूक बाजारात मिळतो व मरळ त्यास फसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पहिल्या पावसानंतर मरळीची जोडी काठच्या गवतात थोडी जागा साफ करते व तेथे अंडी सोडते. ती पिवळसर असून तेलाच्या थेंबांसारखी पृष्ठभागावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांतच फुटतात. मग काही हजार लालसर पिलांचा थवा पाण्यावर उकळी फुटल्याप्रमाणे हलताना दिसतो. त्या थव्याखाली आईबाप असतात. जवळपास महिनाभर ती दोघे पिलांस सोडीत नाहीत, आणि ह्या काळात थव्याजवळ जे काही येईल त्यावर धाव घालतात. भूक लागली म्हणून नव्हे, राखण करावयाची म्हणून. गळ टाकणारास ह्याहून सोपी शिकार नाही, आणि ह्याहून वाईटही नाही. एरवी आठवडाभर हुलकावणी देणारी मोठी मरळ तेव्हा पहिल्याच फेकीस लागते. आणि राखणारे गेल्यावर इतर मासे व पाणपक्षी तो थवा थोड्याच वेळात फस्त करतात. एक मासा घरी येतो, डोहाचे पुढील दोन-तीन वर्षांचे बियाणे नाहीसे होते. रोहू-कटल्याचे बोटुकले विकत आणून तलावात सोडता येते. नदीच्या डोहात मरळीचे बियाणे कोणी सोडीत नाही.

कोकणातून आलेल्या पाहुण्यास हे समजाविणे कठीण जाऊ नये. त्याच्या मुलुखात कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालीत नाही. सरकारनेही १ जून ते ३१ जुलै हा काळ यांत्रिक नौकांस बंद केलेला आहे. आमच्या नद्यांच्या काठी असा सण नाही. तो असावयास पाहिजे होता असे आम्हांस फार वाटते. पंचांगातील भरतीचे गणित पाहुण्याने खुशाल विसरावे, परंतु नारळी पौर्णिमेचा संयम मात्र सोबत आणावा, आणि येथे त्याची मुदत वाढवून मृगापासून घटस्थापनेपर्यंत मरळीवर गळ टाकू नये. आमच्या सभासदांनी आपल्या बांधावरून पाण्यात उतरणारांस, मग ते गावचे असोत की परगावचे, हीच अट घालावी. लाल थवा दिसला तर त्याची वाच्यता करू नये, हेही बरे.

परवानगीविषयी थोडक्यात. पाटबंधाऱ्यांच्या तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या संमतीवाचून तेथे गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणे होय. ढीवर व भोई मंडळींचा तो पिढीजात व्यवसाय आहे, आणि डोहांची जी माहिती आम्ही वर दिली ती बव्हंशी त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. बोर धरणाभोवतालचे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. तिकडे वनखात्यास विचारल्यावाचून पाण्याजवळ जाऊच नये.

जिताडाच येथील शेततळ्यात आणून का सोडू नये, असा प्रश्न आम्हांस काही जणांनी केला. गोड्या पाण्यात तो जगतो हे खरे, आणि चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली त्याचे बीज कृत्रिम रीतीने तयार केल्यापासून ते विकतही मिळू लागले. तरी आमचे मत प्रतिकूल आहे. आमच्या हिवाळ्यात पाणी गार झाले की तो खाणे सोडतो व वाढ थांबते. उन्हाळ्यात प्राणवायू कमी पडून एका रात्रीत तळे मोकळे होण्याचे भय. लहान-मोठे वेळोवेळी वेगळे न केले तर मोठा लहानास गिळतो. आणि त्यास रोज मांसाहारी खाद्य घालावे लागते. ज्यास मातीच्या तळ्यात शिकारी मासाच पाळावयाचा आहे, त्याने मरळ पाळावी व काठास उंच जाळी लावावी, नाहीतर पहिल्या सरीस ती शेजाऱ्याच्या तळ्यात गेलेली आढळेल.

शेवटी दोन गोष्टी खास शेतकऱ्यांसाठी, कारण डोह ओसाड होण्यास गळापेक्षा त्याच अधिक कारणीभूत आहेत. पहिली म्हणजे कृषिपंपाची वीज तारेने पाण्यात सोडून मासे मारणे. ह्यात अंडी, पिले, बेडूक सर्व एकदम मरतात, आणि मारणाराही वाचेलच असे नाही. सुरुंग व विष ह्यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहे. विजेची तारही त्याच पंक्तीतली समजून आपल्या पंपाची जोडणी कोणासही ह्या कामी देऊ नये.

दुसरी गोष्ट कपाशीच्या फवारणीची. एंडोसल्फान हे माशांस अतिशय घातक औषध २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले; परंतु सायपरमेथ्रीनच्या वर्गातील जी औषधे आज सर्रास वापरली जातात, तीही जनावरांस तुलनेने कमी बाधत असली तरी पाण्यात पडल्यास अगदी अल्प प्रमाणात माशांस मारतात. फवारणीचा हंगाम व मरळीची पिले काठच्या उथळ पाण्यात असण्याचा हंगाम एकच, हे ध्यानात घ्यावे. पंप व डबे नाल्यात किंवा डोहावर धुऊ नयेत. पंपात थोडे स्वच्छ पाणी घेऊन तो खळखळवावा व ते पाणी त्याच कपाशीच्या राहिलेल्या तासांवर फवारून टाकावे; आणि नाल्याच्या काठाशी चार-पाच हात रुंदीची गवताची पट्टी न वखरता तशीच राहू द्यावी.